साहेबांच्या डाव्या कानाशी

गौरवग्रंथाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. साहेबांची पंचाहत्तरी, त्यानिमित्त सत्कार, सत्कारात ग्रंथाचं प्रकाशन आणि ग्रंथात लेखच लेख. ‘साहेब आणि सिंचन’, ‘साहेब आणि सहकार’, ‘साहेब आणि शिक्षण’ असे भारदस्त विषय भारदस्त माणसांना वाटून झाले होते. ‘साहेबांच्या जडणघडणीतील स्त्रिया’ हा विषय कुणी घेईना, तो फिरत फिरत माझ्या दारी आला होता.

“बाई, तुम्ही त्यांच्याकडे तीस वर्षं स्टेनो होतात. तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?” संपादक म्हणाले. ते निवृत्त प्राचार्य आहेत आणि फोनवरसुद्धा बक्षीस समारंभात बोलल्यासारखं बोलतात. “मातेचे संस्कार, पत्नीची साथ, कन्येची माया. असा क्रम ठेवा. त्यागमूर्ती वगैरे शब्द येऊ द्या.”

“आणि आक्का?”

“आक्का म्हणजे त्यांच्या भगिनी ना? हो हो, त्यांचाही उल्लेख येऊ द्या. एखादी ओळ.”

मला राग पटकन येतो, आणि तो आला की मी गप्प बसते. माझ्या घरच्यांना ही सवय माहीत आहे, प्राचार्यांना नव्हती. माझ्या गप्प बसण्याला होकार समजून त्यांनी “शनिवारपर्यंत द्या” म्हणत फोन ठेवला. त्या दिवशी मेथीबरोबर तिचे देठही भाजीत गेले.

साहेबांची आई ते चार वर्षांचे असताना गेली. तिला संस्कार करायला वेळच मिळाला नाही. पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, फार मायाळू बाई होत्या. दारात आलेला माणूस न जेवता गेला तर त्यांना झोप लागत नसे. त्याही गेल्या. लेक लग्न होऊन लांब गेली, सणावारी येते. या तिघींवर मी जरूर लिहीन, चांगलंच लिहीन. पण साहेबांना साहेब केलं ते आक्कानं. ही साहेबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी बहीण. विशीच्या आत नवरा गेला, सासरच्यांनी बोळवण केली, ती गंगापूरकडच्या आपल्या माहेरी परत आली आणि स्वतः परकरात असताना वाढवलेल्या भावाच्या मागं उभी राहिली. अजूनही उभी आहे.

मी इथं कुणाचंही नाव लिहिणार नाही. ही सगळी गोष्ट नावांचीच आहे, पण ती नावं आक्काच्या तोंडची. माझ्या हातून ती कुठंही छापली जावीत असं मला वाटत नाही.

साहेबांची स्मरणशक्ती साऱ्या मराठवाड्यात गाजलेली. सत्काराचं भाषण कुणाचंही असो, चौथं वाक्य ठरलेलं: साहेब माणसाला नावानिशी ओळखतात. आणि ते डोळ्यांनी पाहिलेले हजारो लोक आहेत. जीप गावात थांबायची, साहेब उतरायचे, गर्दीतल्या एखाद्या म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “काय बाई, नवीन गाय दूध द्यायली का? कपाळावर पांढरा ठिपका हाय म्हणे.” म्हातारी हबकून जायची. मंत्रालयात बसणाऱ्या माणसाला आपल्या गायीचा ठिपका माहीत आहे, म्हटल्यावर तिनं काय करावं? ती डोळ्यांना पदर लावायची. तिच्या मागच्या दहाजणी लावायच्या. विरोधकांनी सभेत दोन दोन तास भाषणं ठोकून जे होत नसे, ते त्या ठिपक्यानं व्हायचं.

खरी गोष्ट अशी की साहेबांना काहीही लक्षात राहत नसे. चष्मा कुठं ठेवला ते नाही, काल कुणाला काय कबूल केलं ते नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यांनी मला तीन वेगवेगळ्या नावांनी हाक मारली आणि तिन्ही माझी नव्हती.

जीपमध्ये साहेब ड्रायव्हरशेजारी बसत. त्यांच्या बरोबर मागं आक्का. गाव दोन मैलांवर आलं की ती पुढं वाकायची आणि साहेबांच्या डाव्या कानाशी बोलू लागायची. गावात उतरल्यावरही ती डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या डाव्या खांद्यामागं. लोकांना वाटायचं, किती जीव बहिणीचा भावावर, सावली सोडत नाही. साहेब समोरच्याकडं बघून हसायचे, मान किंचित डावीकडं कलती करायचे, आणि तेवढ्यात आक्काचं एक वाक्य कानात पडायचं. प्रत्येक माणसाला एकच वाक्य. नाव, कुणाची कोण, आणि त्या घरातलं सगळ्यात ताजं सुख किंवा दुःख. पाल्हाळ नाही. मी शॉर्टहँडच्या परीक्षेत पहिली आले होते, पण एवढ्या थोडक्यात माणूस मांडणं मला आजही जमणार नाही.

ही माहिती तिला मिळायची कुठून? तर बायकांकडून. देवगावात दिलेली मुलगी पंचमीला गंगापुरात माहेरी येते, ती सगळं गाव पदरात बांधून आणते. आक्का तिच्याकडं जाऊन बसायची. एसटीच्या थांब्यावर, बाजाराच्या दिवशी बांगड्यांच्या दुकानापुढं, बाळंतिणीला बघायला गेल्यावर, आक्का बसायची आणि ऐकायची. पुरुष कार्यकर्ते तिच्या समोरून ‘रिपोर्ट’ घेऊन जायचे. त्यांच्या रिपोर्टमध्ये कुणाचं कुणाशी वैर आहे ते असायचं. कुणाच्या घरी तान्हं बाळ गेलंय ते नसायचं.

मी तिथं लागले ती तेविसाव्या वर्षी. उस्मानपुऱ्यातून गुलमंडीला क्लासला चालत जाऊन टायपिंग आणि शॉर्टहँड केलेली, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. आई एका शाळेत आया होती. पहिल्याच दिवशी आक्कानं मला जीपमध्ये विचारलं, “कुणाची गं तू?”

गावाकडं हा प्रश्न कशासाठी विचारतात ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि मी मान ताठ ठेवायला शिकलेली होते. मी म्हटलं, “आईची.”

आक्कानं माझ्याकडं निरखून पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. मग तिनं मांडीवरचा पितळी डबा उचलून आमच्या दोघींच्या मध्ये सीटवर ठेवला. त्यात साहेबांच्या दुपारच्या भाकरी असत.

तो डबा बरीच वर्षं आमच्या मधे होता. मी त्याच्याकडं बघत नसे आणि तो मला दिसायचा राहत नसे. पुढं कधीतरी तो तिच्या पायाशी गेला. कधी गेला ते मी टिपून ठेवलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मी बाकी सगळं टिपत होते. डिक्टेशनच्या वहीच्या मागच्या पानांवर मी आक्काची वाक्यं गाववार उतरवायला लागले होते. तिला वाचता येत नव्हतं. एकदा तिनं ती पानं पाहिली आणि म्हणाली, “हे काय कोंबडीनं उकरल्यावानी?” मी तिला त्यातलं देवगाव वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “कोपऱ्यावरच्या सुताराची सून ऱ्हायली. तिला दिवस हायेत.” तेव्हापासून आमची जोडी जमली. जीप निघाली की मी वाचायचे, ती दुरुस्त करायची आणि मग पुढं वाकायची.

एकदा माझ्यातला ताठ कणा मला गप्प बसू देईना. मी विचारलं, “आक्का, ही लोकांची फसवणूक नाही का?”

“गाय आणली ते खरं का खोटं?”

“खरं.”

“त्यानं इचारलं ते खरं का खोटं?”

“खरं.”

“मग फसवलं कुणी?” असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी वहीचं पुढचं पान उलटलं.

तिच्याशिवाय साहेब एकदाच गेले. आक्का तापानं पडली होती. खुलताबादजवळच्या एका गावात साहेबांनी एका म्हाताऱ्याला मोठ्या प्रेमानं विचारलं, “काय काका, काकूंचे गुडघे कसे आहेत?” काकूंना जाऊन महिना झाला होता. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. परतल्यावर साहेब हातपाय न धुता आक्काच्या खाटेशी जाऊन बसले. एवढा मोठा माणूस, बाहेर पोलिसांची गाडी उभी, आणि आत बहिणीला म्हणतोय, “तू यायला पाहिजे होतं.” आक्कानं तापातच विचारलं, “कोणतं घर?” आणि बरी होताच पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याच्या दारी जाऊन आली. भेटायला जाणं हे तिचं व्रत होतं. कुणाचं माणूस गेलं आणि आक्का त्या उंबऱ्याशी बसून आली नाही, असं झालं नाही.

एकदाच झालं. माझी आई गेली तेव्हा.

एकोणीस वर्षं झाली. प्रचाराची धामधूम होती. आई पहाटे गेली. मी ऑफिसला निरोप दिला. वस्तीतले, नात्यातले सगळे आले. दुसऱ्या दिवशी साहेबांचं शोकपत्र आलं. ‘आपल्या मातोश्रींच्या निधनाचे वृत्त समजून अतीव दुःख झाले.’ त्या पत्राचा मसुदा कित्येक वर्षांपूर्वी मीच तयार केला होता. ऑफिसात त्याच्या छापील प्रती असत, फक्त ‘मातोश्री’ की ‘पिताश्री’ ते टाईप करायचं. माझाच मजकूर माझ्या घरी आला. मी तो वाचून घडी घालून ठेवला आणि आठ दिवसांनी कामावर गेले. जीपमध्ये आक्कानं माझ्या हातावर हात ठेवला, तेवढ्यात ड्रायव्हरनं गाव आल्याचं सांगितलं, आणि ती पुढं वाकली. निकाल लागला, गुलाल उडाला, मंत्रीपद आलं. त्यानंतर ती गोष्ट कुणी काढली नाही. सगळ्या जिल्ह्याची मयत ज्या बाईच्या ध्यानात, तिला माझ्या आईचा उंबरा दिसला नाही, हे मी मनात धरून ठेवलं. रोज नाही. पण ठेवलं.

असो. प्राचार्यांच्या फोननंतर दोन दिवसांनी मी आक्काला भेटायला सिडकोतल्या बंगल्यावर गेले. साहेबांनी राजकारण सोडून दहा वर्षं झाली. आता सकाळी ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतात, शेजारी स्टुलावर आक्का. चार माणसं येतात, नमस्कार करतात, जातात. आक्काची वाकून बोलण्याची सवय गेलेली नाही हे बघून मला हसू आलं. मी पायरीशी चपला काढत होते, एवढ्यात आतून साहेबांची सून चहाचा ट्रे घेऊन आली. ती कॉलेजात शिकवते, सकाळची घाई.

साहेबांनी तिच्याकडं बघून छान हसून मान डावीकडं कलती केली.

“ही आपली सून,” आक्का कानाशी म्हणाली. “चा आणलाय. रातीपासून पाठ दुखायली तिची.”

“पाठ कशी हाय गं आता?” साहेबांनी विचारलं.

“बरी आहे बाबा,” सून म्हणाली आणि माझ्याकडं वळून कौतुकानं सांगू लागली, “बघा ना, एवढं लक्ष असतं यांचं. मी कुणाला बोललेसुद्धा नव्हते.” ती घड्याळ बघत आत गेली.

मी एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी होते. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षं एका सीटवर बसलेल्या दोन बायकांना बोलायची गरज नसते. साहेब चहा बशीत ओतत होते, निवांत.

नंतर मागच्या अंगणात, कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली, मी तिला विचारलं, “कधीपासून?”

“दोन दिवाळ्या झाल्या. डाक्टरला दाखवलंय, गोळ्या चालू हायेत. त्याच्या पोराला माहीताय. बाकी कुणाला नाय.”

“कळलं कसं नाही कुणाला?”

“कळणार कसं?” आक्का म्हणाली. “आधी तरी त्याला कुठं काय ध्यानात ऱ्हायचं?”

ते ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. डॉक्टरांनी म्हणे विचारलं होतं, विसरायला नेमकं कधी लागले? आणि ना आक्का सांगू शकली, ना साहेबांचा मुलगा. आक्का इतकी वर्षं जगाची ओळख भावाला करून देत होती. हळूहळू गाव संपलं, गल्ली संपली, आणि आता ती त्याला घरातल्या माणसांची ओळख करून देत होती. कुणाच्या लक्षात न येता ते वर्तुळ लहान होत गेलं होतं.

साहेबांच्या मुलाचं म्हणणं, सत्कार रद्द करावा. हजार लोक येणार, स्टेजवर काहीतरी भलतं बोलले तर आयुष्यभराच्या नावाचं हसं होईल. त्याचं चुकत नव्हतं. आक्काचं म्हणणं वेगळं होतं. “त्याला शाल नको, नारळ नको,” ती म्हणाली. “पण माणसं त्याच्यासाठी यायलीत. त्याला माणसांबिगर दुसरं काय हाय? ना शेती केली, ना पोरांत बसला. माणसांत असला की त्याचा चेहरा बघ, आजून तसाच हाय. एकदा शेवटचं त्याला माणसांत बसू द्या. मी हाय की मागं.” मग म्हणाली, “पण मला आता समद्यांचं येत नाय गं. नवी पोरं मला माहीत नाहीत. तुझ्या वह्या हायेत का?”

माझ्या वह्या पलंगाखालच्या पेटीत होत्या. मी रोज दुपारी जाऊन बसू लागले. निमंत्रितांची यादी मुलानं दिली, तोही कुरकुरत का होईना आमच्यात आला. मी वाचायचे, आक्का डोळे मिटून ऐकायची आणि खोडायची. “तो गेला. ही आता पोराकडं पुण्याला असती. ह्याला म्हैस नको इचारू, ह्यानं हाटेल टाकलंय.” मला वाटत होतं मी रागावलेली आहे तिच्यावर. पण दुपारचे दोन वाजले की माझे पाय आपोआप सिडकोकडं वळायचे.

अडचण आली ती खुर्चीची. प्राचार्यांनी व्यासपीठाचा नकाशा केला होता. त्यात मान्यवर होते, मान्यवरांचे प्रतिनिधी होते, आक्का नव्हती.

“महिलांसाठी खाली पहिल्या रांगेत सोफे आहेत,” ते म्हणाले.

“आक्काची खुर्ची साहेबांच्या मागं, डाव्या बाजूला हवी.”

“असं आहे बाई, सुरुवातीला पाच सुवासिनी औक्षण करणार. शुभप्रसंग आहे. अशा वेळी त्यांनी तिथं… तुम्ही समजून घ्या.”

“मला समजलं नाही,” मी म्हटलं. “तुम्ही ते नीट पूर्ण वाक्यात सांगा, म्हणजे मी जसंच्या तसं लेखात घालते. विषय स्त्रियांचाच आहे.”

मग मी सांगितलं की लेख तयार आहे, त्यात संस्कार, साथ आणि माया क्रमानं आहेत, त्यागमूर्तीसुद्धा दोनदा आलाय. खुर्ची दिसली की लेख मिळेल. छापखाना त्यांच्या मागं लागला होता. संध्याकाळी खुर्ची नकाशात आली.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरून माणसं बाहेर जिन्यात उभी होती. साहेबांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता, आणि आक्का म्हणाली ते खरं होतं: माणसं बघताच त्यांचा चेहरा उजळला. भाषण मी दोन पानांत मोठ्या अक्षरात टाईप केलं होतं. ते त्यांनी ठणठणीत वाचलं, मधेच एक पान दोनदा वाचलं, लोकांना वाटलं मुद्दामच, टाळ्या पडल्या. मग रांग सुरू झाली.

मी आक्काच्या मागं वही घेऊन उभी. आमची साखळी चालू झाली. माणूस पायऱ्या चढायचा, आक्का ओळखायची किंवा मी पान बघून तिच्या कानात सांगायचे, ती वाकून भावाच्या कानात एक वाक्य ठेवायची आणि साहेब हात पसरायचे. “लेकीचं लग्न जमलं म्हणे.” “हाटेल कसं चाललंय?” “विहिरीला पाणी टिकलं का औंदा?” त्यात ज्या म्हाताऱ्यानं टोपी काढली होती त्याचा मुलगा आला. आक्कानं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. साहेब त्याला म्हणाले, “तुझ्या बापाशी मी एकदा चुकलो होतो.” मुलगा खाली वाकला तो उठेना. साहेबांना हे वाक्य देणारी बाई मागं पदर सावरून बसली होती. औक्षण केलेल्या पाचजणी आरतीची ताटं घेऊन कुठं गेल्या होत्या कुणास ठाऊक.

दीड तास. एकही चूक झाली नाही. साहेबांच्या मुलाच्या कपाळावरचा घाम मला लांबून दिसत होता, तो हळूहळू वाळला. शेवटचा माणूस उतरला. साहेबांच्या मांडीवर शालींचा ढीग झाला होता, त्यात ते अर्धे झाकले गेले होते. त्या उचलायला मी वही बगलेत मारून पुढं गेले आणि त्यांच्यासमोर वाकले.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. प्रेमानं, सगळ्यांकडं पाहत होते तसंच. आणि मान डावीकडं कलती केली.

मला हे माहीत असायला हवं होतं. इतके दिवस जात होते तेव्हा ते मला बघून हसत होते, ‘ये बाई’ म्हणत होते, आणि मी समजत होते की मी त्या वर्तुळाच्या आत आहे. माझे हात शालींवर थांबले. आक्का पुढं वाकली. मी इतकी जवळ होते की मला शब्दन् शब्द ऐकू आला. तीस वर्षांत हजारो वाक्यं मी लिहून घेतली होती. माझं स्वतःचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

“ही आपल्या जीपमधली,” आक्का म्हणाली. “हिची आई गेली तवा आपण प्रचारात होतो. हिच्या दारी जायचं ऱ्हायलं. चूक माझी हाय.”

साहेबांनी शालींखालून दोन्ही हात काढले आणि माझे हात धरले. “आईच्या वेळी यायचं राहून गेलं गं,” ते म्हणाले. “आता आलो तर चालंल का?”

मला ही युक्ती पाठ होती. तिच्यातला निम्मा मजकूर माझ्या वहीतला होता. साहेबांना उद्या यातलं काही आठवणार नाही हेही मला माहीत होतं. आणि तरी मी त्या स्टेजवर, शालींच्या ढिगावर डोकं टेकून, त्या गायवाल्या म्हातारीसारखी रडले. गाय आणली ते खरं होतं. त्यांनी विचारलं तेही खरं होतं.

रविवारी ते आले. मुलानं गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, कारण आत ती येत नाही, आणि तो गाडीपाशीच थांबला. आक्का पंच्याऐंशी वर्षांची, एका हातानं भावाला धरून, दुसऱ्या हातात तो पितळी डबा. वस्तीतली माणसं दारात येऊन बघत होती. आक्का उंबऱ्याशी बसली, पदर तोंडाला लावला आणि काल मयत झाल्यासारखं मोठ्यानं रडली. एकोणीस वर्षांनी. मी तिला उठवून आत आणलं. आईचा फोटो भिंतीवर आहे, त्याखाली साहेबांना बसवलं. त्यांनी मान कलती केली, आक्कानं सांगितलं, आणि त्यांनी फोटोला हात जोडले.

मग आक्कानं डबा उघडला. भाकरी होत्या आणि पिठलं. ज्या घरात माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा सोयरेधायरे जेवण घेऊन जातात. त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. परका माणूस तो आणत नाही, आणि आणला तर घरचे घेत नाहीत. हे मला माहीत आहे, आक्काला तर माहीत आहेच.

“हा डबा लई वर्षं मधी ठेवला मी,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली, आणि भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

आम्ही तिघं जेवलो. साहेब भुकेजले होते, चवीनं खात होते. खाता खाता त्यांनी खोलीवर नजर फिरवली; बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आईचा फोटो, माझ्या वह्यांची पेटी. मग त्यांनी नेहमीसारखी मान डावीकडं केली आणि हळूच विचारलं, “आक्का, हे घर कुणाचं गं?”

आक्काच्या तोंडात घास होता. तो तिनं आधी नीट गिळला.

“आपलंच हाय,” ती म्हणाली. “जेव.”

मी त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.